नादस्वरामागची मोटार

आमचं घर शिंप्याचं. आमचे अज्जे, त्यांचेही अज्जे, सगळे सुईदोऱ्याचे, राजवाड्यातल्या गाद्यागिरद्यांना खोळी शिवत म्हणे, खरं किती खोटं किती देवाला ठाऊक, कारण इथं तंजावुरात कुठल्याही मराठी घरी जा, प्रत्येकाचा कोणी तरी राजवाड्यात होताच. बाबा मात्र मोटारींच्या सीटा शिवायचे, टपाचं कॅनव्हास शिवायचे. मी शाळेत गेलों, दहावीपर्यंत, सगळं तमिळात, देवनागरी मला वाचता येत नाहीं, म्हणोन तुम्ही हे लिहून घेता आहा ते मला दाखवू नका, दाखवलंत तरी मी नुसती मान हलवीन. बाबा सीट शिवत बसले की मी सीटखाली शिरायचों, हे काय, ते काय, हा दांडा कुठं जातो, असं विचारून विचारून त्यांचं डोकं खायचों, तेव्हां एक दिवस ते चिडून म्हणाले, सेतू, तुला वर बसवत नसेल तर खालीच राहा. तेव्हांपासून मी गाडीच्या खालीच आहें. बासष्टावं चाललं आहे, अजून खालीच.

काय सांगू तुम्हाला, लोकांना ब्रेक म्हणजे काय ते कळतच नाहीं. इंजिन बिघडलं की ते खोकतं, धूर सोडतं, सगळी गल्ली गोळा करतं. ब्रेकचं तसं नव्हे. ब्रेकचं तेल गळतं ते मुकाट्यानं गळतं, एक एक थेंब, चाकाच्या आतल्या अंगानं, आणिक मालक वरून पुसून पुसून गाडी चकचकीत ठेवतो. माझ्याकडे येतात आणिक म्हणतात मेस्त्री, हॉर्न जरा बारीक वाजतो, बघा. अहो, हॉर्न वाजवून काय करणार, थांबायला नको? पण नाहीं. हॉर्न पाहिजे, रंग पाहिजे, आरशाला लिंबूमिरची पाहिजे. ब्रेक कोणाला नको.

आता तात्यांची मोटार. तात्या म्हणजे पश्चिमेच्या राजवीथीतले आमचे मराठीच, कॉलेजात गणित शिकवायचे, रिटायर होवोन पंधरा वर्षं झाली. त्यांच्या वडिलांनी घेतलेली विलायती बारकी मोटार, कासवासारखी पाठ, टप मागे दुमडला की वरून मोकळी. अशी उघडी गाडी आता गावात दुसरी नाहीं, म्हणोन जानवासम् म्हटलं की लोक तात्यांकडे जातात. तुमच्याकडे जानवसा म्हणजे वऱ्हाडाला उतरायची जागा, नव्हे? आमच्याकडे तमिळ लोकांचं बघून बघून जानवासम् म्हणजे मिरवणूक झाली, लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्यामुलाला कोट घालून उघड्या मोटारीत बसवायचा, त्याच्याभोवती सगळी लेकरं कोंबायची, आणिक देवळापासून मांडवापर्यंत चालीच्या वेगानं न्यायचा. पुढे नादस्वरम्, म्हणजे तुमची सनईच पण बरीच लांब, आणिक तविल, तो ढोल, मागे बायका. तात्या भाडं घेत नाहींत, नारळ आणिक वेष्टी, म्हणजे धोतर, घेतात आणिक स्वतः चालवतात. चालवतात म्हणजे काय, क्लच आणिक ब्रेक, क्लच आणिक ब्रेक, अर्धा मैल जायला दीड तास.

आणिक ह्या गाडीचा ब्रेक बनवणारा कोण साहेब होता त्याला एकदा माझ्यापुढे उभा करा. बाकीच्या गाड्यांत ब्रेकच्या तेलाचा मुख्य सिलिंडर बॉनेटखाली असतो, बघायला सोपा, हाताला सोपा. ह्या शहाण्यानं तो ठेवला ड्रायव्हरच्या पायाखाली, फळीच्या खाली, चासीच्या पोटात. तेल घालायचं तर चटई उचला, फळीत बारकं भोक आहे त्यात बोट घालून बूच फिरवा. आणिक सिलिंडर बाहेर काढायचा तर त्याचे बोल्ट निघतात पण बाहेर येत नाहींत, कारण बरोबर समोर जाडा दांडा आडवा, तो सोडवायचा म्हणजे पुढचं अर्धं सस्पेन्शन सोडवायचं. एका रबराच्या वॉशरसाठी दोन दिवस पाठीवर पडून! अय्यो, माझी कंबर ह्या एका गाडीनं मोडली.

पहिल्यांदा तात्यांनी सांगितलं पेडल खाली जातं, तेव्हां मी मागचं डावं चाक उघडलं, आतून ओलं. आता ओलं म्हणजे कशानं ते आधी बघायला लागतं, अक्सलचं तेलही तिथंच गळतं, पण ते जाडं असतं, त्याला घाण वास येतो, पाण्यानं जात नाहीं. ब्रेकचं तेल पातळ, पाणी टाकलं की धुतलं जातं, आणिक रंगावर सांडलं की रंग सोलून काढतं. हे ब्रेकचंच होतं. चाकाच्या सिलिंडरमधली रबरं फाटलेली, बदलली, नळ्यांतली हवा काढली, दिली गाडी. चार महिन्यांनी पुन्हा. ह्या वेळी पुढचं उजवं. बदललं. मग मुख्य सिलिंडर. बदललं, म्हणजे आतलं रबर बदललं, आतली भिंत काचकागदानं घासली, बसवलं. सहा महिन्यांनी पुन्हा तेच. मी दुकानदाराशी भांडलों, तुझं रबर नकली. तो म्हणाला दुसऱ्या मेस्त्रींना तेच देतों, त्यांचं गळत नाहीं, तुमचंच कसं गळतं? तोंडावर बोलला, चार माणसांत. मी चेन्नईहून मागवलं. तेही गेलं. आणिक दर वेळी तेल काढलं की ते चहासारखं तांबूस, तळाला गाळ. मी बघत होतों, बादलीत ओतत होतों, नवं घालत होतों. ते तांबूस का, हे मी विचारलं नाहीं. हे लिहा. चारदा बघितलं आणिक विचारलं नाहीं.

तात्यांना म्हणटलों, तात्या, कारण सापडेपर्यंत गाडी बाहेर काढू नका. ते हसले. म्हणाले, अरे सेतू, माणसाच्या चालीनं जाणाऱ्या गाडीला ब्रेक कितीसा लागतो. गणिताचा माणूस! दीड तासात तीनशे वेळा पेडल दाबतो आणिक मला विचारतो ब्रेक कितीसा लागतो.

आता कलियनचं सांगतों. कलियपेरुमाळ, तिरुवैयारूचा, नादस्वरम् वाजवतो, त्याचे वडीलही वाजवायचे. आम्ही एका वर्गात होतों, तो पुढच्या बाकावर, मी त्याच्या मागे, त्याच्या शेंडीला दोरा बांधायचों. नादस्वरम् वाजवणारा कसा चालतो बघितलंत का? मोटारीच्या पुढे दोन हात अंतरावर, गाडीकडे पाठ करून. मागे काय आहे ते तो बघत नाहीं, डोळे मिटलेले, गाल फुगलेले, सगळं ध्यान सुरात. मागे एक टन लोखंड येतं आहे आणिक ते थांबेल असं तो धरूनच चालतो. मी कधी तरी विचारलं, भीती वाटत नाहीं का रे? म्हणाला, गाडी तू दुरुस्त करतोस ना, मग कसली भीती.

गेल्या थै महिन्यात, तुमच्या पौष-माघात, एक जानवासम् होतं, तात्या चालवत होते. कालव्याच्या पुलावरून उतार आहे, तुम्ही आलात तो रस्ता. खाली कोणी फटाक्यांची माळ लावली म्हणोन बाजा थांबला. तात्यांनी पेडल दाबलं आणिक ते सरळ फळीला टेकलं. हँडब्रेक ओढला तो ढिला, चार हात जायचं ते गेलंच. बंपर कलियनच्या गुडघ्यांच्या मागे लागला. फार जोरानं नव्हे, रिकाम्या हातांचा माणूस असता तर दोन पावलं धडपडून हसला असता. पण त्याच्या तोंडात नादस्वरम् होतं. तो गुडघ्यांवर गेला, वाद्याचं खालचं टोक रस्त्यावर आपटलं, आणिक वरची फुंकायची पात तोंडात घुसली. ओठ फाटला, मधोमध. सहा टाके.

त्या मनुष्याचा ओठ म्हणजे त्याचं सगळं. मला एक बोट नसेल तर नऊ बोटांनी मी पाना फिरवीन. त्यानं ओठाशिवाय काय करायचं? डॉक्टर म्हणाला वाजवू नका, भरेपर्यंत वाजवू नका. सगळा लग्नांचा हंगाम तो घरी बसला, शिकवायला येणाऱ्यांना तोंडानं सूर सांगायचा, तेही बोबडं. मी बघायला गेलों तर मला कॉफी दिली, आपण प्याला नाहीं, ओठ जळतो म्हणाला. एक शब्द बोलला नाहीं मला. बोलला असता तर बरं होतं. गाव मात्र बोलला, सेतूमेस्त्रीनं ब्रेक केला होता, सेतूचंच काम, आणिक ते खोटं कसं म्हणू? माझंच काम होतं. दोन जुन्या गिऱ्हाईकांनी गाड्या दुसरीकडे नेल्या. बायको म्हणाली, आता पुरे, गाडीच्या खाली जायचं वय गेलं. मी तिच्यावर ओरडलों. उगेच ओरडलों.

मग आवणी महिन्यात, तुमच्या श्रावण-भाद्रपदात, तात्यांचा फोन. अक्काच्या नातवाचं लग्न ठरलं. अक्का म्हणजे तात्यांची मोठी बहीण, ब्यांशी वर्षांची, त्या घरात तिचाच शब्द चालतो, नातू बंगळूरला नोकरीला. तात्या म्हणतात, जानवासम् आपल्याच मोटारीतून, अक्काची इच्छा, तू ब्रेक बघ, आणिक नादस्वरम् कलियनचंच पाहिजे. मी म्हणटलों, तात्या, तुम्हाला लाज कशी वाटत नाहीं. खरंच म्हणटलों, मोठ्या माणसाला. ते म्हणाले, मी कलियनला विचारलं, त्याचा ओठ भरला आहे, तो येतो म्हणाला, एकच अट, सेतू चालवील तर. ऐकून मला रागच आला. ह्यानं माझ्यावर टाकलं सगळं. पुन्हा माझ्यावर!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हत्यारं घेवोन त्यांच्या घरी गेलों, कारण तसल्या ब्रेकवर मी ती गाडी माझ्या शेडपर्यंत आणणार नव्हतों. फाटकातून आत जातों तर काय, मोटारीची दोन्ही दारं उघडी, चटया उन्हात, आणिक अक्का, लुगडं खोचलेलं, हातात पितळेची घागर, मोटारीच्या आत पाणी ओतते आहे. आत! फळीवर! हळदीचं पिवळं पाणी, एक घागर, दुसरी घागर, वर खराट्यानं घासते आहे. ते पाणी त्या भोकाभोवती तळं करोन उभं, बुडबुडे येत होते. बूच बुडालेलं. बुचाला हवेसाठी सुईएवढं छिद्र असतं, ते घटाघटा पीत होतं.

मी ओरडलों, अक्का, हे काय करता? ती म्हणाली, काय करतें म्हणजे, तात्या काल दुखवट्याला ह्याच गाडीतून गेला होता, त्यानं आंघोळ केली तशी गाडीला नको? दर वेळी करतें. उद्या नवरामुलगा बसायचा असला तरी आदल्या दिवशी करतें. चाळीस वर्षं करतें आहें. पूर्वी भोकावर रबराचं झाकण होतं, ते कधी हरवलं कोण जाणे.

माझ्या डोक्यात सगळं एकदम जुळलं. मी बूच काढलं, त्याच्या छिद्रात हळद. तेल काढलं, तांबूस, संध्याकाळी चमचाभर तापल्या तव्यावर टाकलं, म्हणजे आमच्या शेडीतल्या तव्यावर, अक्काच्या नव्हे, तर फोडणीसारखं तडतडलं. तेल तडतडत नाहीं, पाणी तडतडतं. ब्रेकचं तेल पाणी ओढून घेतं, ते सिलिंडरात जातं, लोखंड आतून गंजतं, खड्डे पडतात, त्या खड्ड्यांवर नवं रबर पुढेमागे होवोन फाटतं. मी रबर बदलीत होतों आणिक अक्का पाणी घालीत होती. तीन वर्षं आम्ही दोघं मिळून त्या गाडीचे ब्रेक मारले.

पण हे नीट, शांतपणे मी सांगितलं नाहीं. मी तेव्हांच तिथं अंगणात उभा राहून ओरडलों, तुमच्या सोवळ्यानं कलियनचं तोंड फुटलं! शेजारचे बाहेर आले. अक्कानं हातातली घागर खाली ठेवली. ती आत गेली. तात्या म्हणाले, सेतू, पुरे. मला तेव्हां समजलं की मी काय बोललों, पण तोंडातून गेलं ते गेलं.

मग मी सगळं काढलं. ह्या वेळी सगळं. पुढचं सस्पेन्शन सोडवलं, तो जाडा दांडा सोडवला, मुख्य सिलिंडर काढला, चाकांचे सहा सिलिंडर काढले, पुढच्या चाकांना दोन दोन आहेत, ते घेवोन त्रिचीला लेथवाल्याकडे गेलों, आतून पितळेची नळी बसवून घेतली, पितळ गंजत नाहीं. नळ्या सगळ्या नव्या, तांब्याचे वॉशर नवे, जुने उलटे करोन लावायची सवय आहे मेस्त्री लोकांना, मलाही होती. मग हवा काढायची. त्याला दोन माणसं लागतात, एक पेडलवर, एक चाकाशी, सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू. तात्या म्हणाले मी बसतों पेडलवर. मी खालून ओरडायचों दाबा, धरा, आणिक मी स्क्रू बंद करायच्या आधी ते पाय सोडायचे, पुन्हा हवा आत. म्हणटलों, तात्या, मी सोडा म्हणेपर्यंत सोडू नका. ते म्हणाले, तू धरा म्हणतोस त्याला वेळ किती ते सांग. देवा रे! चार चाकांना अख्खा दिवस गेला. शेवटी पेडल वरच थांबलं, दगडासारखं. भोकाला मी बाबांच्या जुन्या पेटीतलं जाडं रबर कापून झाकण शिवलं, वर पितळेची पट्टी, दोन स्क्रू.

लग्नाच्या दोन दिवस आधी अक्का शेडीत आली, रिक्षानं, एकटी. म्हणाली, मला ते दाखव. काय, तर जुना सिलिंडर. मी बॅटरी लावून आतले खड्डे दाखवले. तिनं डोळा लावून बघितलं, फार वेळ बघितलं. म्हणाली, हे माझ्या पाण्यानं? मी म्हणटलों, अर्धं तुमच्या पाण्यानं, अर्धं माझ्या आळसानं, मी चारदा तांबूस तेल बघितलं, अक्का, विचारलं नाहीं. त्या दिवशी बोललों ते मनात ठेवू नका. ती म्हणाली, बोललास ते बरं केलंस, घरात कोणी बोललं नसतं. मग विचारलं, आता धरतो का? मी म्हणटलों, धरतो. ती म्हणाली, बघून सांगतोस की सुम्मा, उगेच सांगतोस? म्हणटलों, बघून सांगतों.

जानवासम्च्या संध्याकाळी देवळापुढे नवरामुलगा बसला, लेकरं कोंबली, मी स्टिअरिंगवर. कलियन आला. नादस्वरम् लावलं, ओठावर पांढरी रेघ दिसत होती. पण तो मधे उभा राहिला नाहीं. रस्त्याच्या कडेला, गाडीकडे अर्धं तोंड करून, तिरका, एक डोळा बंपरवर. तसाच चालायला लागला, आणिक तसं वाजवता येतं का हो? सूर तुटत होता. लोकांना कळलं नसेल, मला कळलं. मी त्याला काय सांगणार, विश्वास ठेव म्हणू? कुठल्या तोंडानं?

पुलाशी आलों, तेव्हां मागच्या बायकांतून अक्का निघाली आणिक सरळ गाडीच्या पुढे येवोन उभी राहिली. बंपरपासून हातभर. रस्त्याच्या मधोमध, गाडीकडे पाठ करून. तात्या धावले, अक्का, हे काय, बाजूला हो. म्हणाली, मी चालतें इथून. मी वरून ओरडलों, अक्का, उतार आहे पुढे, तुम्हाला चालवत नाहीं धड, पडाल! तिनं वळून बघितलं नाहीं. म्हणाली, तू बघून सांगितलं आहेस ना? मग चालव. म्हातारीपुढे कोणाचं चाललं आहे म्हणोन माझं चालणार? मी क्लच सोडला.

तो उतार दीडशे पावलांचा असेल. ब्यांशी वर्षांची बाई, एक पाय ओढत, मधेच थांबत, आणिक ती थांबली की मी थांबायचं. पेडल दाबायचों, गाडी उभी. ती चालली की सोडायचों. मला बाजा ऐकू येईना, लेकरांचा कालवा ऐकू येईना, मला फक्त ते पांढरं डोकं आणिक पायाखालचं पेडल. उताराच्या मधोमध तिचा पाय अडखळला, ती एकदम थांबली, आणिक मी दाबलं, आणिक गाडी जागच्या जागी. नवरामुलगा पुढे झुकला एवढंच.

कलियननं ते बघितलं. वाजवणं थांबवलं. तो कडेवरून आला, अक्काचा हात धरून तिला बाजूला केलं, बायकांत नेवोन सोडलं, तिनं त्याला काही तरी म्हणटलं, काय ते मला माहीत नाहीं, त्यानं मान हलवली. मग येवोन तो गाडीच्या पुढे मधोमध उभा राहिला, दोन हातांवर, माझ्याकडे पाठ केली आणिक डोळे मिटले असणार, कारण सूर लागला तो एकदम पूर्ण लागला.

आता काय, चाललं आहे. मेस्त्री, जरा हॉर्न बघा, हे अजून तसंच. अक्काला मी सांगितलं आहे की ओल्या फडक्यानं पुसा, ती हो म्हणते, पण मला भरवसा नाहीं, म्हणोन दर महिन्याला मी जातों, झाकण उघडतों, बोट बुडवून तेलाचा रंग बघतों. अक्का दारातून विचारते, काय रे, कोरडं आहे का? मी म्हणतों, कोरडं आहे. ती म्हणते, मग बस, कॉफी घे. कंबर दुखते, वय झालं, पण त्या खाली जाणं काही सुटत नाहीं. सगळ्यांच्या लेकरांची लग्नं होवोत, नादस्वरम् वाजो, देव सगळ्यांचं बरं करो, पण मिरवणूक काढायच्या आधी एकदा चटई उचलून खाली बघत जा हो.